घशाची देखभाल

गोर्लिट्झच्या बंद थिएटरातली प्रॉम्प्टर हाइडरून
स्वयंपाकघरात बसून सरकारी अर्ज भरते.
जागेचं भाडं? नाही.
यंत्रसामग्री? एक चष्मा, तोही आईचा.
बत्तीस वर्षं इतरांचे विसरलेले शब्द
तिने रंगमंचाखालच्या खोक्यातून पुरवले.
टाळ्या डोक्यावरून गेल्या.

एप्रिलात पैसे आले. खाली बारीक टीप:
फक्त धंद्याच्या खर्चासाठी,
पोटासाठी नव्हे.

ती राईचा पाव आणते, मध आणते,
अर्धा किलो बटाटे.
पावत्या डब्यात जपते
आणि हिशेबात लिहिते:
घशाची देखभाल.

शेवटचा रकाना: कामाचं नेमकं स्वरूप.
पेन थांबतं.
शब्द येत नाही.

कोण अडलंय ते बघायला
सवयीने
ती मान वर करते.