भरल्या पानावरून

बाबा लाकूड नखाने तपासायचे.
तारामुंबरीच्या खाडीकाठी होडी ओढून घेतली
की तिच्याखाली उताणे पडायचे,
काजूतेलाचा जुना थर खरवडून
आंगठ्याचं नख पठाणात रोवायचे.
पठाण म्हणजे होडीचा कणा, ऐनाचा.
नख नाही शिरलं तर अजून चार वर्षं दर्या.
शिरलं तर मालकाकडे न बघता:
"हेका खाल्ल्यान."

कोणी, ते कधी सांगितलं नाही.
मी सांगते आता, पगार घेऊन.

फणसाच्या खोडावरचा फणसांबा,
तोंड आलं की सहाणेवर उगाळून
आई बोटाने लावायची तो,
ही बुरशी त्याच्याच भावकीतली.
लाकडातलं चिवट, काळपट आधी खाते,
मग पांढरं, तंतूंचं, तेही.
आम्हाला पांढरं हवंय.
कागदाला, गुरांच्या वैरणीला,
कंपनीच्या पत्रात आणखी सहा ओळी आहेत.

म्हणून कात्री.
पेशीची भिंत विरघळवून तिला उघडी करायची,
साखरेच्या पाण्यात ठेवायची, नाहीतर फुटते.
मग कात्रीला पत्ता देऊन आत सोडायचं:
अमुक ओळ, तमुक अक्षर, तिथेच काप.

आठ महिने ती कापूनही जेवत राहिली.
टिळवे म्हणाला, अगो, दोन केंद्रकं आहेत तिला,
एका घरात दोन चुली.
तू एक विझवतेस,
दुसरीवर भात शिजतोच आहे.

सत्तेचाळिसाव्या ताटलीत थांबली.
काजूच्या लाकडाचा एवढासा तुकडा,
त्यातलं काळं संपवून
पांढऱ्यापाशी आली
आणि नुसती बसून राहिली.
एकवीस दिवस मी रोज झाकणातून बघत होते.

जिवंत बाहेर न्यायची परवानगी नाही.
वाफेच्या भांड्यात मारली,
तुकडा रुमालात बांधून घरी आणला.

आता खाडीत सगळ्या फायबरच्या होड्या.
बाबांना कोणी बोलावत नाही,
फायबरला नख लागत नाही,
बुरशीही लागत नाही.
फुटलेल्या दोन वाळूत पडल्यात सहा पावसाळे,
कोण खाणार त्यांना.

बाबांनी तुकड्याचा वास घेतला.
माझं सगळं ऐकून घेतलं, चुलीसकट.
"म्हंजे तिका भरल्या पानावरसून उठयलंस."
हो.
"आणि मगे मारलंस."

मी काही बोलले नाही.
मग त्यांनी आंगठ्याचं नख लावलं.
शिरलं, पार मुळापर्यंत,
तुकडा धाग्याधाग्याने सुटा झाला.
मी हसले असेन, कारण हेच तर जमवायचं होतं,
आणि ते माझ्याकडे न बघता
होडीखालच्या त्या आवाजात म्हणाले,
"हेका खाल्ल्यान."

नखात अडकलेला पांढरा धागा
काढायला त्यांनी बराच वेळ घेतला.