रेवाल

मोबाइलमधला तक्ता म्हणतो : मंगळवार, हलकी धाव, आठ किलोमीटर.
मंगळवारी रात्री साडेबाराला लाइन आली.
पपईचे सहा कॉक,
एक बंद करायचा, दुसरा उघडायचा, मध्ये चिखल,
मी अनवाणी, दातात बॅटरी.
किती किलोमीटर झाले, कुणी मोजले?
पण चिखलात लांब ढांग टाकली की माणूस आडवा होतो,
पाऊल तोकडं हवं, बरोबर अंगाखाली.
हेच पुढं एका व्हिडिओत ऐकलं,
सांगणारा कोरड्या रस्त्यावर होता.

सकाळी झिपरूमामाकडं.
सारंगखेड्याच्या जत्रेआधी चार महिने
तो लोकांची घोडी चालीला लावतो.
यंदा एक अबलख. तिला नाव नाही,
विकायच्या जनावराला नाव ठेवू नये म्हणतो.
मी मनातल्या मनात टिकली म्हणायचे.

खरारा करताना कळतं कुठं दुखतंय :
कातडी थरथरते, कान मागं जातात,
ती सांगत नाही, तुम्ही हात फिरवायचा.
त्या आठवड्यात मी पहिल्यांदा
स्वतःच्या पोटऱ्यांवरून हात फिरवला.
डावी थरथरली.

रेवाल म्हणजे पळणं नव्हे.
स्वाराच्या हातात भरलेला पेला द्यावा
आणि तापीचा अख्खा काठ संपेपर्यंत
थेंब सांडू नये, ती रेवाल.
मामा दोर सैल सोडून तिच्या बाजूनं चालायचा,
मी मागून, धापा टाकत.
"तिना दम दख," तो म्हणायचा, "मंग तुना दख."
तिचा दम मोजता मोजता माझा लागायचा बंद झाला,
कधी, ते आठवत नाही.

अमावस्येला आमच्याकडं औत जुंपत नाहीत,
मामा घोडीलाही दावणीला ठेवतो,
हरभरा, गूळ, आणि दुपारभर शेपटीनं माश्या.
तक्त्यात त्या दिवशी सोळा किलोमीटर होते.
मी ओट्यावर बसून कापसाच्या बोंडातली कचरी काढली
आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

सगळ्यात अवघड, परतीचं वळण.
जातानाची सुस्त घोडी
निंबाच्या झाडापाशी तोंड वळलं की वेगळंच जनावर होते,
ओळखीचा वास, गव्हाणीचा, शेणाचा,
आणि मान ताणून दोर हातातून सोलून नेते.
माझ्या तळव्यावर अजून व्रण आहे.
"घर दिसनं का घोडी पयस," मामा म्हणाला,
"तवय दोर धर."
आणि घरी आल्यावर घाम सुकेपर्यंत फिरवायची,
पाणी नंतर. बादली समोर दिसत असली तरी नंतर.

डिसेंबरात टिकली विकली गेली.
सुरतेकडचा माणूस, पांढरी गाडी, नोटा दोनदा मोजल्या.
फळीवरून चढताना ती अडली नाही,
याचंच मला जास्त लागलं.
मोहरकी मामानं काढून घेतली, ती आमची होती.

मग मी एकटीच पळायचे, तापीच्या काठानं,
निंबापाशी आपोआप मूठ वळायची.

नाशिकला, फेब्रुवारीत, सदतिसाव्या किलोमीटरला
ढोल सुरू झाले, कुणी केळं पुढं केलं,
कुणी ओरडलं, झालंच ताई, आलंच आता.
आजूबाजूचे सगळे सुटले.
माझी मान ताणली गेली.
मूठ आवळली. दोर नव्हता, तरी धरला.
पुढच्या दोन किलोमीटरमध्ये
त्यातले बरेच जण फुटपाथवर बसलेले दिसले,
त्यांच्याकडं बघायला नको होतं, बघितलं.

पाच तास अकरा मिनिटं. गळ्यात पदक.
रात्रीच्या गाडीनं शहादा, तिथून वडापमध्ये, पाय बाहेर लोंबकळत.

मामा नाल घासत होता. पदक त्यानं उलटंपालटं केलं,
खिळा ठोकायच्या आधी पाहावं तसं.
वेळ विचारली नाही.
"लगेच पानी पिनी का? का पह्यले चालनी?"

चालले, मी म्हटलं.
खोटं. दोन बाटल्या, उभ्या उभ्या,
रेघ ओलांडल्या ओलांडल्या.

त्यानं माझ्या पोटरीकडं पाहिलं.
डाव्या.