दुसऱ्यांदा

नंदुरबारला मार्केट यार्डामागच्या पटांगणात
चुन्याची चौकट आखली होती.
पलीकडे मिरच्यांच्या पथाऱ्या,
पार पाण्याच्या टाकीपर्यंत लाल.
वारा फिरला की डॉबरमन, पग, पामेरियन
सगळे एकाच भाषेत शिंकायचे.
माइकवाला म्हणाला, "कृपया शिस्त पाळा."
कुणाला म्हणाला, कळलं नाही.

मी भुसावळहून आलेली, पहाटेच्या पॅसेंजरनं.
गळ्यात बिल्ला, हातात पॅड,
तेवीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढलेली.
मांडव अंबूशेठचा, खुर्च्या अंबूशेठच्या,
ट्रॉफीवर त्यांच्या वडलांचं नाव.
त्यांनी चहा पाठवला, मी घेतला नाही.
पाणीसुद्धा माझ्या बाटलीतलं प्यायले.
एवढं केलं की माणूस निःपक्ष होतो
असं मला दुपारी बारापर्यंत वाटत होतं.

कारवानच्या गटात शेवटी दोघं उरली.
सहा नंबर, अंबूशेठचा बॅरन,
कागदावर सात पिढ्या
(मांडवातल्या किती जणांना
स्वतःच्या पणजीचं नाव सांगता आलं असतं?)
आणि अकरा नंबर, हवा.
धडगावकडून रात्रीच्या जीपमध्ये
माणसांच्या पायांत बसून आलेली.
कागद तिचाही होता, एकाच पिढीचा,
घडी अजून न मोडलेला.
दोरी सायसिंग वसावेच्या हातात.

"चालवून दाखव," मी म्हणाले.
सायसिंग धावला.
ती धावली असं म्हणता येणार नाही,
तो पोचायचा तिथं ती आधीच असायची.

मग दात.
बॅरनचे कात्रीसारखे बसलेले.
एकदा पाहिले, पुढं सरकले.
हवाचा खालचा जबडा
आगपेटीच्या काडीएवढा पुढं.
मी ओठ सोडला. बोटं पुसली.
परत उचलला.

काडी तिथंच होती.

नियमात जबड्याला जागा आहे, कानाला आहे,
शेपटीच्या वळणालासुद्धा आहे.
सायसिंग माझ्याकडे न बघता म्हणाला,
"बाई, ससाले दात मोजता येतस नहीं."
खरं होतं.
पॅडवर सशाचा रकाना नव्हता.

सहा नंबर पहिला. अकरा दुसरा.
टाळ्या जरा उशिरा आल्या.
मागून कुणीतरी
सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू बोललं,
"बाईनं इमान इकी टाकं."
अंबूशेठ हात जोडून हसले,
जसं काही मी त्यांचं जुनं देणं फेडलं.
त्या बोलण्याला उत्तर देता आलं असतं.
त्या हसण्याचं काय करायचं?

निकाल बरोबर होता. अजूनही म्हणते.
मला टोचतं ते निराळंच:
एकाचा ओठ मी एकदा उचलला, दुसरीचा दोनदा,
आणि दुसऱ्यांदा उचलताना
मी तपासत नव्हते,
विनवत होते.
हे अंबूशेठच्या ध्यानात आलं असतं
तर तक्रारीचा हक्क त्यांचा होता, सायसिंगचा नाही.
अन्याय करायला निघाले होते मी,
एका काडीनं अडवलं.

सायसिंगनं रिबन खिशात कोंबली,
केळ सोलून अर्धं तिला दिलं.
ती खाता खाता शिंकली.

परतीच्या गाडीत, नरडाणा गेल्यावर,
मी जिभेनं माझेच दात चाचपले.
खालचे पुढं. वडलांसारखे.
शहाद्याच्या एका ओसरीवर, फार वर्षांपूर्वी,
एक बाई म्हणाल्या होत्या, "जरा चालून दाखव, बाळ."
मी चालले होते. बरी चालले होते.
त्यांनी मला एकदाच पाहिलं की दोनदा
ते सांगता येत नाही,
मी मान खाली घातली होती.