चौथ्या घंटीनंतर

विनिपेगहून साडेआठ तास उत्तरेला,
डॅशबोर्डवर गोठलेली कॉफी,
मागच्या सीटवर ब्लँकेटात गुंडाळलेला मोडेम.
थंडीत आधी तो कुरकुरतो, मग मी.

क्रेन लेकची शाळा. अकरा कंट्रोलर
पीळ घातलेल्या तारांच्या एकाच जोडीवर ओवलेले:
बॉयलर, दोन पंप, जिमचा पंखा,
आणि नववा, छतावरचा, हट्टी,
ज्याच्या तारा कुणीतरी उलट्या जोडल्या होत्या,
म्हणून तो सगळ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचा.
त्याला सरळ केलं. शेवटच्या टोकाला रोध बसवला,
नाहीतर शब्द टोकावर आपटून
आपल्याच अंगावर परत येतात.

व्हर्ना लिंकलेटर शिडी धरून उभी होती.
एकवीस वर्षं ही इमारत तिच्या हवाली.
पाइपवर तळहात ठेवून ती तापमान सांगते.
मी पडद्यावर पाहतो: तीन अंशांचा फरक.
"कुणाचं चुकलं?"
मी सेन्सर काढून तपासला.
सेन्सरचं.

"म्हणजे आता तू तिकडे बसून माझी शाळा बघणार."
बघणार नाही, म्हटलं. ऐकणार.
लाइन एकच आहे, फॅक्सबरोबर वाटून घेतलेली.
चार घंट्या माणसांच्या,
चौथ्या घंटीनंतर यंत्राची.
रात्री काही बिघडलं तर ते स्वतःच मला फोन करेल.
"आणि मला?"
तुला मी करेन.
ती काही बोलली नाही.
शिडी जरा जास्तच जोरात मिटली.

बधिर बोटांनी मी माझा नंबर भरला.
सातच्या शेजारीच चार असतो.

फेब्रुवारी. उणे एकेचाळीस. पहाटेचे तीन.
बॉयलर विझला,
आणि यंत्राने शिकवलेलं सगळं बिनचूक केलं:
नंबर फिरवला, थांबलं, पुन्हा फिरवला.
माझ्या टेबलावरचा मोडेम
हिरवा दिवा लावून गप्प बसलेला.
मी गाढ झोपेत.

सेंट बोनिफेसमध्ये ओडेट ग्रॅतों, वय एकोणऐंशी,
भिंतीला धरत धरत फोनपर्यंत आली.
ॲलो?
एक बारीक टिटी. शांतता. पुन्हा टिटी.

दुसऱ्या कुणी रिसीव्हर आपटला असता.
पण तिने तीस वर्षं स्विचबोर्डपुढे काढली होती,
दोन्ही हातांत दोऱ्या, कानात अख्खा प्रांत.
चेष्टा करणारा एकदा फोन करतो,
फार तर दोनदा.
हा चौथ्यांदा करत होता,
दर वेळी तेवढ्याच अंतराने, न रागावता.

तिने ऑपरेटरला लावला.
"हा फोन कुठून येतोय ते बघ, पोरी.
कुणीतरी हाक मारतंय
आणि त्याला बोलता येत नाही."

व्हर्ना पोचली ती नाइटगाउनवर पार्का चढवून.
बॉयलरखोलीपर्यंत जाताना
अंधारातच वाटेतल्या पाइपांना हात लावत गेली.
कोमट.
अजून कोमट.
आणखी तासभर, आणि दुसरीच्या वर्गात बर्फ झाला असता,
तिथे मुलांनी कपांत वाटाणे पेरले होते.

सकाळी तिने मला फोन केला,
ठरलं होतं त्याच्या बरोबर उलट.
"तुझा सात," ती म्हणाली. "दुरुस्त कर."

केला. खुर्चीतून न उठता, सातशे किलोमीटरवरून.
अर्ध्या मिनिटाचं काम, म्हणून जास्तच लागलं.

दुसऱ्या नंबराची जागा रिकामी होती.
मी ओडेट ग्रॅतोंना विचारलं.
आधी हसल्या, मग खोकल्या, मग म्हणाल्या,
"राहू दे माझा. पण त्याला सांग,
घाई करत जाऊ नकोस.
खोलीपासून फोनपर्यंत
मला आठ घंट्या लागतात."

वाट पाहण्याचे सेकंद तीस होते.
मी साठ केले.