तागाक

तार मी धरली होती.
कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, इतकंच.

साल अठ्ठ्याहत्तर. पिठाच्या गोदामातला स्टुडिओ,
मागे रंगवलेलं मनिला, खिडक्या पिवळ्या कागदाच्या,
आणि रोदेल माकाराएग, पांढऱ्या घट्ट विजारीत,
कमरेला कातडी पट्टा, पट्ट्याला पियानोची तार,
तारेच्या दुसऱ्या टोकाला मी आणि मेहुणा नार्सिंग.
दिग्दर्शक ओरडायचा, "उड!"
की आम्ही दोघं मागे पळत सुटायचो.
तो जितका वर, आम्ही तितके मागे.

तागाक म्हणजे बगळा.
आमच्या भातखाचरांत एका पायावर उभा असतो,
डोळे मिटून, मासळीचा हिशेब करत.
पडद्यावर मात्र त्यानं पंख पसरून पूर अडवला.
बालिगानच्या थेटरात बाया रडल्या,
पोरांनी पलंगपोस पांघरून छपरांवरून उड्या टाकल्या,
चौघांचे हात मोडले.
पुढे तीच पोरं मतदार झाली.

तीनदा नगराध्यक्ष. फलकावर पंख तेच.

कागदावर नदीकाठी बावीसशे मीटर भिंत आहे.
तिचं उद्घाटन झालंय, बिल निघालंय,
दोनदा रंग दिलाय.
ऑगस्टात पाणी तिला शोधत आलं.
सापडली नाही, तेव्हा आमच्या घरात शिरलं,
लिगायाच्या शिवणयंत्रावर चढून बसलं तीन दिवस.

नातवानं मॉलमध्ये नवा सिनेमा दाखवला.
नायकानं एका ठोशात अर्धं शहर पाडलं;
मलबा कोण उचलतं ते दाखवत नाहीत.
म्हटलं, "तार दिसत नाही रे कुठं."
"आजोबा, तार नसतेच. तो खरा नसतोच,
सगळे नुसते आकडे असतात."
मी गप्प बसलो. आकड्यांची भिंत मला ठाऊक होती.

पाहणीच्या दाखल्यावर चार सह्या आहेत.
'भिंत पाहिली, उत्तम आहे.'
तिसरी माझी.
नार्सिंगचं डायलिसिस चालू होतं, आणि रोदेल म्हणाला,
"जुना माणूस तू, तुझ्यावर माझा भार असायचा."

आज दुकानातल्या टीव्हीवर चौकशी थेट.
कंत्राटदाराची हिशेबनीस, सडपातळ, चष्म्याची,
पानं उलटत एकेक रक्कम वाचते. आवाज चढत नाही.
दुकानात कुणी हसतं, कुणी शिवी घालतं,
कुणी म्हणतं, "काही म्हणा, उडायचा मात्र झकास."

रोदेल घाम पुसतो. वर, छताकडे बघतो.
हात नकळत कमरेशी जातो, जिथे पट्टा असायचा.
ती नजर मी ओळखतो.
तार ताणली जायची वाट बघतोय तो.

आणि माझी टाच, माझ्या नकळत,
एक पाऊल मागे सरकलेली, दुकानाबाहेरच्या चिखलात.

हिशेबनीस पान उलटते.
"आता दाखल्यावरची नावं," म्हणते.