तो येयसर

वेंगुर्ल्यात, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मी धाकू मेस्त्रींच्या वह्या भरते आहे.
भरते म्हणजे: एकेक स्वर उचलायचा,
त्याला सप्तक विचारायचं, मात्रा विचारायच्या,
आणि कोनी कंसांच्या दोन चिमट्यांत अडकवून
ओळीत टांगायचा.

उघडलेला प्रत्येक कंस मिटावा लागतो.
एक जरी उघडा राहिला
तरी सबंध रात्रीचं नाटक उघडत नाही.

वह्या नऊ. पाच रेशन दुकानाच्या, तीन शाळेच्या,
एक काजूच्या कारखान्याचं हजेरीपुस्तक,
गैरहजर बायकांच्या फुल्यांवरून
भैरवी सरळ निघून गेलेली.

स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र.
पण कसरीनं पाडलेलं भोक हेही टिंबच दिसतं.
मी पान खिडकीशी धरते:
उजेड आरपार आला तर कसर,
नाही आला तर धाकू मेस्त्री.

दुसऱ्या वहीत कोमल निषादच नाही.
पुण्याहून आलेख आला, सोबत निरोप,
‘या काळात वादकाच्या शैलीत निषादाचा त्याग दिसतो.
कारण नोंदवावे.’
कारण मी त्यांच्या सुनेला विचारलं.
ती सुकी सुंगटं निवडत होती.
“खाऱ्या वाऱ्यान गंजललो तो सूर.
नवो आणूचो तर पालिताण्याचो. पैशे खंय होते?”
दोन जत्रांचे हंगाम त्या पट्टीखाली
आगपेटीची काडी खोचलेली होती.
रकान्यात लिहिलं: गंज.
रकान्यानं मुकाट घेतलं.

मग वही सहावी, पान चाळीस.
चार मात्रांची एवढीशी ओळ,
सा रे सा ऽ, रे कोमल,
आणि पुढे लाल शाईत: तो येयसर.

पुनरावृत्तीच्या रकान्याला अंक लागतो.
शब्द टाकला की तो स्वतःच लाल होतो.

बाबल कांबळींकडे गेले. मृदंग त्यांचा असायचा.
आता एका कानानं ऐकतात.
ही ओळ किती वेळा वाजवायचात?
“संकासुर येयसर.”
म्हणजे अंदाजे?
“तेणी विडी पेटवली तर चाळीस येळा.
काळो बुरखो गावलो नाय, तर मगे मोजूच नये.
एकदा कोचऱ्यात तो माडाखाली निजलो.
आमी तासभर वाजयत रवलाव.
लोका म्हणाली, आज काय रंगला!”

परत येऊन शून्य घातलं:
ओळच नाहीशी झाली.
नऊशे नव्व्याण्णव घातलं:
यंत्र वाजवू लागलं, अचूक, न दमता,
विंगेकडे एकदाही न बघता.
खाली बर्फाच्या लाद्या फोडत होते,
ट्रॉलर लागला असावा.
साठाव्या की एकसष्टाव्या खेपेला मीच बंद केलं.

शेवटी चार घातलं. चार कुठेही खपतं.
आणि यंत्र जी ओळ वाचत नाही
त्या टिपेच्या ओळीत
त्यांचे दोन शब्द, जसेच्या तसे.
शाई मात्र मला देता आली नाही.

कुणी कुठल्या शहरात ही फाइल उघडेल.
ओळ चारदा वाजेल, थांबेल,
पुढचा प्रवेश सुरू होईल.
तपासणी झाली आहे. चुका: शून्य.
संकासुर तिकडे माडाखाली,
विडी अर्धी.