बत्तीस पानं

चित्रपुस्तकाला पानं बत्तीस.
पहिलं नावाला, दुसरं छापखान्याला,
शेवटचं बारीक टायपातल्या सनावळीला,
जी फक्त आईबाप वाचतात, तेही उभ्याउभ्या.
उरलेल्यात एक अख्खी बाई बसवायची.
बत्तीसलक्षणी असते ती, असावीच लागते.

माझ्या वाट्याला आली मर्सी थर्टल.
ग्रेट यारमथची, होड्या दुरुस्त करणाऱ्याची मुलगी.
इथल्या किनाऱ्यापुढचे वाळूचे दांडे
रात्रीतून कूस बदलतात,
जहाजं त्यांवर चढतात आणि मोडतात;
म्हणून ती शिशाचं वजन दोरीला बांधून
पाण्याची खोली मोजत हिंडायची
आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं नकाशे काढायची.
पुढे ते छापले गेले.
आधी तिच्या नावाशिवाय. खूप नंतर नावासकट.

मध्ये अकरा वर्षं.
त्यांची पत्रं संग्रहालयात आहेत, बिस्किटांच्या डब्यात.
बाप गेला, होडी विकली,
मर्सी धक्क्यावर हेरिंग साफ करायला बसली.
मीठ, सुरी, पिंप. पुन्हा पिंप.
बहिणीला एका पत्रात एवढंच:
वाळूकडे बघणं सोडलंय.

फिलिपा, माझी संपादक, माणूस चांगली आहे.
लंडनहून म्हणाली, अकरा वर्षं काही घडतच नाही, गं,
मुलं कंटाळतील.
शिवाय बाराव्या पानावर आपण लिहिलंय,
'मर्सीनं कधीच हार मानली नाही.'
मी म्हटलं, मानली की. चांगली अकरा वर्षं मानली.
फोनवर शांतता. मग की-बोर्डची टकटक.
वाक्य राहिलं.
माझं घरभाडं थकलं होतं. मीही राहिले.

तर आता सोळाव्या पानावर मुलगी समुद्राकडे पाठ करून निघते
आणि समोरच्या सतराव्यावर बाई होऊन परत येते.
मध्ये फक्त शिवण.
मी एवढंच केलं:
सतराव्या पानावर तिच्या बोटांना चिंध्या बांधल्या,
पिठाच्या पोत्याच्या, सुरी लागू नये म्हणून,
धक्क्यावरच्या बाया बांधायच्या तशा.
फिलिपाला वाटलं, हातमोजे.
म्हणाली, छान, थंडी जाणवते.

शनिवारी वाचनालयात, गालिच्यावर, नऊ मुलं.
बारावं पान मी जरा घाईत वाचलं.
सतराव्यावर इनेश सरकत पुढे आली.
बत्तिशीतले पुढचे दोन गायब,
त्या खिंडीतून शब्द वाऱ्यासारखे येतात.
"हिला लागलंय का?"
नाही, म्हटलं, लागू नये म्हणून बांधलंय.
"माझी आई पण बांधते. टर्कीच्या कारखान्यात.
तिच्या पट्ट्या निळ्या असतात,
मांसात पडल्या तर दिसाव्यात म्हणून."
मग तिनं दोन पानांमधल्या खाचेत बोट घातलं,
जिथे दोरा दिसतो.
"आणि इथे काय झालं?"

सांगायला घेतलं मी. मासे, मीठ, पिंप.
एक मुलगा उठून पाणी प्यायला गेला.
दुसरा बुटाची नाडी चघळत होता.
फिलिपाचं अगदीच चुकलं नव्हतं.

बाराला आया आल्या.
इनेशनं पुस्तक उघडंच नेलं दारापाशी,
पोर्तुगीजमध्ये काहीतरी भराभर सांगितलं;
मला त्यातलं कळलं फक्त 'मर्सी'.
तिच्या आईनं पुस्तक हातात घेण्याआधी
हात कोटाला पुसले.
अंगठ्याला निळी पट्टी होती.
बराच वेळ तिनं पान उलटलं नाही.